स्क्रूबद्दल तुमचं बरोबर आहे दादा, पण मशीनला हात लावू नका हे पटत नाही

दादा, नमस्कार. कमेंट परवा रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायला बसले होते, पण म्हटलं आधी खाली जाऊन मशीनचं कव्हर काढून बघूया आपण लिहिलंय ते खरंच तसं आहे का, त्यात दोन दिवस गेले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दादा वीसेक वर्षं आउटबोर्डचं, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या मशीनचं, काम करतात. छोटं टू-स्ट्रोक मशीन आपलं आपण सुरू कसं करायचं आणि ट्यून कसं करायचं यावर मी जे लिहिलं होतं त्यावर त्यांचे चार मोठे आक्षेप आहेत, शिवाय ऑइल आणि दोरी ओढण्याबद्दलही ते बोललेत. कार्बोरेटरवरचा स्लो स्पीडचा स्क्रू (मशीन हळू चालताना पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवतो तो) आत घेतला की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं (उलट पेट्रोल जास्त झालं तर रिच) असं मी लिहिलं, त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या बऱ्याच मशीनना बरोबर उलटं होतं. पाण्याच्या ड्रममध्ये ट्यून केलेलं मशीन होडीला लावलं की बंद पडतं. लीन झालं की पिस्टन पकडतो, म्हणजे तापून आत अडकतो, मग भुर्दंड कोणाला. आणि शेवटी, "ताई, ज्याचं काम त्याने करावं, लोकांना कार्बोरेटर खोलायला शिकवू नका."

पहिल्याबद्दल सरळ सांगते, चूक माझी आहे. आमचं मशीन ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक, त्याला आत म्हणजे लीन, बाहेर म्हणजे रिच, आणि मी तेच सगळ्यांना लागू असल्यासारखं लिहून टाकलं. तो स्क्रू दोन जातीचा असतो. काही कार्बोरेटरमध्ये तो पेट्रोलचं मिश्रण अडवतो, तिथे आत घेतला की पेट्रोल कमी, म्हणजे लीन. काहींमध्ये तो नुसती हवा अडवतो, तिथे आत घेतला की हवा कमी, म्हणजे रिच. ओळखायची सोपी खूण म्हणजे स्क्रू बसलाय कुठे ते बघायचं. थ्रॉटलच्या झडपेच्या पलीकडे इंजिनच्या अंगाला असेल तर बहुतेक पेट्रोलचा, अलीकडे हवा शिरते त्या तोंडाकडे असेल तर हवेचा. तरी मॅन्युअल बघूनच खात्री करायची, मॅन्युअल नसेल तर त्याच मॉडेलचं कोणाकडे आहे त्याला विचारायचं. मूळ लिखाणात मी हे दुरुस्त केलंय आणि वरती ठळक टाकलंय, कारण उलट्या बाजूला फिरवून बसलेला माणूस तासभर गोंधळत राहील आणि दोष मशीनला देईल.

ड्रमचंही तुमचं बरोबर, आणि ते मी अर्धवट सोडलं होतं हे जास्त वाईट. ड्रम हा मशीन चालू होतंय का, पाणी उडवतंय का, गळतंय का एवढंच बघायला. ड्रममध्ये धूर त्याच पाण्यात आणि त्याच जागेत कोंडतो, मशीन आपलाच धूर परत ओढतं, आणि पंख्यावर खरा भार नसतो. तिथे कानाला गोड लागलेलं सेटिंग होडीवर गिअर टाकला की फुस्स होतं. खरं ट्यूनिंग होडी धक्क्याला पुढून मागून नीट बांधून, मशीन पाच-दहा मिनिटं तापल्यावर, गिअरमध्ये टाकून सगळ्यात कमी स्पीडला करायचं. आम्ही तसंच करतो, पण लिहिताना ते राहिलं.

आता पिस्टन. इथे मी अर्धी तुमच्या बाजूने आहे. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं आणि उष्णता वाढते, त्यामुळे लीन चालवणं धोक्याचं हे शंभर टक्के खरं. पण आपण ज्या स्क्रूबद्दल बोलतोय तो आयडलपासून फार तर पाव थ्रॉटलपर्यंत काम करतो. फुल थ्रॉटलला पेट्रोल येतं ते मेन जेटमधून (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा), आणि मेन जेटला हात लावा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, आजही लिहिणार नाही. स्लो स्पीडचा स्क्रू थोडा चुकला तर मशीन शिंकेल, गिअर टाकताना बंद पडेल, नाहीतर धूर काढेल आणि प्लग ओला करेल. लगेच भोक पडणार नाही पिस्टनला. ते होतं कचऱ्याने अर्धा बुजलेला मेन जेट घेऊन फुल थ्रॉटल मारत राहिलं तर, नाहीतर ऑइल न मिसळता चालवलं तर, नाहीतर पाण्याची धार बंद पडलेली कोणी बघितलीच नाही तर. आणि या तिन्ही गोष्टी होडीतल्या माणसालाच आधी कळायला हव्यात, मेकॅनिक तिथे नसतोच.

तुमच्या चौथ्या मुद्द्यावर माझं पटत नाही ते यासाठीच, आणि मी हे सगळं लिहायला का लागले तेही सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात ढकलली तर मशीन धड लागेना. बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना दोरी ओढता येत नव्हती, म्हणून एका ओळखीच्या मेकॅनिककडे दिलं. अकरा दिवस ठेवलं, बिल घेतलं, आणि चालू करून दाखवलं तेव्हा छान चाललं. वर्कशॉपमध्ये, ड्रममध्ये. ऑक्टोबरात अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी मी आणि चुलतभाऊ मनोरी खाडीच्या तोंडाशी जाळं उचलून परत फिरलो, दुपारचे चार वाजले असतील. उधाणाच्या दिवसात आपल्याकडे भरती बाराएक वाजता पूर्ण होते म्हणजे चारला ओहोटी ऐन जोरात, सगळं पाणी खाडीतून समुद्राकडे धावत असतं. वळायला थ्रॉटल कमी केला आणि मशीन शिंकलं. कार्बोरेटरमधून फट्ट असा आवाज आला आणि बंद. दोरी ओढली, लागलं, गिअर टाकला, फट्ट, बंद. तीनदा झालं. तेवढ्यात किनाऱ्यावरची झाडं मागे सरकायला लागली होती, म्हणजे आम्ही बाहेर चाललो होतो. मी अजून दोरीच ओढत होते. चुलतभावाने बाबांना फोन लावला, बाबांनी एकच विचारलं, नांगर टाकला का. नव्हता टाकला. आधी नांगर टाक, मशीन मग बघ, असं म्हणून ते फोनवर गप्प बसले, आम्ही टाकेपर्यंत.

नांगर धरला, होडी उभी राहिली, आणि मग डोकं चाललं. प्लग काढून बघितला, कोरडा आणि फिकट, पांढरट. म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय. स्क्रूड्रायव्हर होता. मशीन तापलेलंच होतं. स्क्रू अष्टमांश फेरा बाहेर घेतला, दहा-पंधरा सेकंद थांबून ऐकलं, अजून अष्टमांश. गिअर टाकला, थरथरलं पण टिकलं. बाबा फोनवर नुसता आवाज ऐकत होते, म्हणाले आता जरासं अजून, बस. तसेच हळूहळू घरी आलो.

आता पुढचं ऐका, कारण हे तुम्हाला पटेल. खरा दोष स्क्रूत नव्हताच. दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरची वाटी खोलली. तळाला पांढरी भुकटी, कडेला हिरवट डाग, आणि मध्ये पाण्याचा एक गोल थेंब, पेट्रोलखाली पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळत होता. स्लो स्पीडचा जेट उजेडाकडे धरला तर त्यातून आरपार दिसलंच नाही. केसाएवढं भोक असतं ते, जुन्या पेट्रोलच्या चिकट्याने जवळजवळ बुजलं होतं. दोन महिने पेट्रोल कार्बोरेटरमध्ये तसंच राहिलेलं. मेकॅनिकने ते साफ न करता वरून स्क्रू फिरवून चालू करून दिलं होतं. मीही समुद्रात स्क्रू फिरवून वेळ निभावली, पण दुरुस्ती ती नव्हे. घाण जेटवर ट्यूनिंग करत बसणं म्हणजे दुखणं झाकणं. म्हणून मी स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा म्हणते. आधी पेट्रोल ताजं आहे का, मग प्लग, मग वाटी आणि जेट, आणि हे सगळं ठीक असूनही मशीन नीट चालत नसेल तरच स्क्रू.

जेट साफ करताना कार्ब क्लीनरचा स्प्रे आणि हवा. सुई, टाचणी, स्टीलची तार अजिबात घालायची नाही, भोक किंचित जरी मोठं झालं तरी जेट गेला. फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एक मऊ धागा, तोही हलक्या हाताने.

यात अजून एक गोष्ट आहे जिच्याबद्दल धक्क्यावर फार कमी बोललं जातं आणि तुम्ही मेकॅनिक म्हणून बोललात तर लोक ऐकतील. पेट्रोल बदललंय. २०२३ पासून ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पंपावर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत जवळजवळ सगळीकडे तेच झालं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे त्याच जेटमधून, त्याच स्क्रूवर, तेच मशीन आता थोडं लीन चालतं. पुस्तकातलं दीड फेऱ्याचं सेटिंग (स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर) ज्या पेट्रोलसाठी लिहिलं होतं ते पेट्रोल आता सहसा मिळत नाही. जेट स्वच्छ करून, नवा प्लग टाकून, स्क्रू दीड फेऱ्यावर ठेवला तरी आमचं मशीन गार असताना अधूनमधून शिंकायचं, पावणेदोनवर आणल्यावर थांबलं. बऱ्याच आउटबोर्ड कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं असतं, त्यामुळे जुने पाइप, पाइपवरचा हाताने दाबून पेट्रोल चढवायचा रबरी बल्ब, ओ-रिंग यांच्याकडेही लक्ष ठेवायला लागतं, ते फुगतात, चिकट होतात.

आणि इथेनॉल पाणी ओढतं. आपल्या हवेत पावसाळ्यात तर विचारूच नका. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतं, वर पेट्रोल राहतं. टू-स्ट्रोकला यात जास्त धोका आहे कारण ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि टाकीतला पाइप तळातून ओढतो, म्हणजे मशीनला जातं ते बिनऑइलचं पाणी-इथेनॉल. तुम्ही पिस्टनची काळजी केलीत ना दादा, ती इथे करायला हवी. आम्ही आता बंदीनंतर जुनं पेट्रोल मशीनला घालतच नाही. आणि शंका आली की टाकीतलं थोडं काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरतो, मध्ये रेघ दिसली की ते पेट्रोल बाद.

ऑइलबद्दल तुम्ही लिहिलंत की टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) ते टू-टी, काय फरक पडतो. पडतो दादा, इथे मी माघार घेणार नाही. स्कूटरचं टू-टी हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनसाठी असतं, त्यात राख सोडणारे घटक असतात. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्याने थंड होतं, ते तेवढं तापत नाही, मग ती राख निघून न जाता प्लगवर आणि रिंगांवर बसते. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बघूनच घ्यायचं. मिश्रण बहुतेक मशीनना ५० ला १, म्हणजे १० लिटरला २०० मिली, नव्या किंवा नव्याने बांधलेल्या मशीनला सुरुवातीला २५ ला १, म्हणजे १० लिटरला ४०० मिली, पण आपापल्या मॅन्युअलला विचारून. "अंदाजाने एक झाकण" हे मी आमच्या धक्क्यावर रोज ऐकते आणि मला खरंच राग येतो, कारण दहा रुपयांचं मापाचं भांडं न घेतल्याने लोक इंजिन घालवतात.

सुरू करण्याबद्दल तुम्ही म्हणालात की दोरी ओढून लोकांचे खांदे निखळतील, त्यापेक्षा बॅटरी स्टार्ट घ्या. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं. पण माझा अनुभव असा, की दहापैकी आठ वेळा दोरीला ताकद लागत नाही, आधीचं काहीतरी राहिलेलं असतं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद, त्यामुळे मशीन लागतं, पाच मिनिटं चालतं आणि मरतं, आणि बल्ब चपटा होऊन बसतो. किल स्विचची (माणूस पडला तर मशीन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप निघालेली, मग वर्षभर ओढा. पाइपचा हुक नीट न बसलेला. बल्ब बाण मशीनकडे करून कडक होईपर्यंत दाबलेला नसतो. हे सगळं बघून, गिअर न्यूट्रल, थ्रॉटल स्टार्टच्या खुणेवर, गार मशीनला चोक बाहेर, मागे कोणी उभं नाही ना ते बघायचं कारण कोपर लागतं, मग दोरी हळू ओढायची जिथे आत दात अडकल्याचं हाताला कळतं तिथपर्यंत, आणि तिथून एकदम, लांब, सरळ. हिसका नाही. दोरी हातातून सोडायची नाही, हातानेच परत जाऊ द्यायची. पहिल्यांदा खोकलं की चोक अर्धा आत, चालू झालं की पूर्ण आत. बहुतेक लोक इथेच चुकतात, खोकल्यानंतरही चोक तसाच ठेवून ओढत बसतात, पेट्रोल ओव्हरफ्लो होतं आणि वास यायला लागतो. तसं झालं तर चोक आत, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाच-सहा वेळा ओढायचं, नाहीतर प्लग काढून पुसून वाळवायचा. थ्रॉटल उघडाच असतो त्यामुळे लागल्याबरोबर खाली आणायचा. मी पन्नास किलोची आहे, मी रोज ओढते.

आणि लागल्याबरोबर सगळ्यात आधी मागे बघायचं, पाण्याची धार येतेय का. दहा-पंधरा सेकंदात आली नाही तर बंद. आपल्या खाड्यांमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या एवढ्या आहेत की पाणी ओढायच्या जाळीवर पिशवी चिकटणं रोजचंच झालंय. धार कमी झाली, कोमट न येता वाफाळती यायला लागली, तर आधी पिशवी, मग गाळ, मग आतला रबरी इम्पेलर, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणारा पंखा. कोरड्यात तर एक सेकंदही मशीन चालवायचं नाही, तो इम्पेलर पाण्याशिवाय घासून जळतो. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण खाली एका मुलाने विचारलंय की घराच्या गच्चीत चालवून बघू का, त्याच्यासाठी लिहिलं.

आता राहिलं ज्याचं काम त्याने करावं. आमच्याकडे मेकॅनिक आहे, चांगला आहे, आणि त्याच्याकडे मी जातेच. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं म्हणजे सीलमधून पाणी शिरलंय, ते मी करत नाही. क्रँकचे सील, रीड, टायमिंग, मेन जेट, त्याला मी हात लावत नाही आणि लावा म्हणत नाही. पण प्लग काढून रंग बघणं, बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे ठीक, काळा ओला म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन, वाटीतलं पाणी काढणं, जेट उजेडाकडे धरणं, स्क्रू आधी हलकेच पूर्ण आत घेऊन किती फेरे होते ते मोजून पत्र्यावर खिळ्याने कोरून ठेवणं, एका वेळी अष्टमांशाच्या वर न फिरवणं, चांगलं चालतं त्या जागेपेक्षा किंचित रिचकडे सोडणं, आणि बिघडलं तर कोरलेल्या आकड्यावर परत येणं, एवढं ज्याची होडी आहे त्याला यायलाच हवं. आपल्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं आणि त्यातलं बहुतेक सगळं सहा तासांत उतरतं. त्या ओहोटीत मशीन बंद पडलं तर धक्क्यावरचा सगळ्यात हुशार मेकॅनिकसुद्धा फोनवर आवाज ऐकण्यापलीकडे काही करू शकत नाही, आणि फोनला रेंज असेल तरच.

हो, नांगराचं मूळ लिखाणात नव्हतंच. तुमच्या कमेंटमुळे ते परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की मी प्लगपासून सुरुवात केलीय. आता पहिल्या ओळीत नांगर आहे, त्यानंतर लाइफ जॅकेट आणि मनगटाला किल स्विचची दोरी, मग मशीन.

एक मदत करा दादा. तुमच्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये हवेचा स्क्रू कुठल्या कुठल्या मॉडेलला आहे आणि ई२० आल्यापासून तुम्ही किती फेऱ्यावर ठेवताय, एवढं जमेल तेव्हा खाली टाका. हवेचा स्क्रू असलेलं मशीन मी अजून स्वतः ट्यून केलेलं नाही, त्यामुळे त्या भागात मी तुमचे आकडे घालीन आणि ते तुमच्याकडून आलेत असंही लिहीन.